बाईंनी मुलाखत परत मागितली

मिशिगनमधल्या एका विद्यापीठात मी पीएच.डी. करत होते. माझ्या गाइडचा प्रोजेक्ट होता: आफ्रिकेतून येऊन इथे राहिलेल्या कुटुंबांतली मुलं शाळेत मागे का पडतात. मुलं मागे पडतात हे आधीच ठरलेलं होतं, फक्त कारणं शोधायची होती. घरोघर जाऊन आयांच्या मुलाखती घ्यायच्या आणि एक फॉर्म भरायचा, हे माझं काम. माझी असिस्टंटशिप, म्हणजे फी आणि महिन्याचा पगार, त्याच प्रोजेक्टवर होती. ती गेली तर शिकणं थांबणार आणि पाठोपाठ व्हिसाही जाणार, म्हणून मी तोंड मिटून फॉर्म भरत होते.

त्यातच मला लायबेरियाच्या त्या बाई भेटल्या. तिकडे त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, इकडे एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालायच्या, भरवायच्या. शिक्षिका म्हटल्यावर माझ्या मनात त्या 'बाई'च झाल्या. शनिवारी सकाळी मी गेले तेव्हा त्या आदल्या दुपारपासूनची डबल ड्यूटी करून नुकत्याच आल्या होत्या, अंगावर युनिफॉर्म तसाच. मुलगी बारा वर्षांची, जाड कादंबरी घेऊन सोफ्यावर पालथी पडली होती.

"हिला कुठल्या वर्गात बसवलंय माहितीये?" बाईंनी मलाच विचारलं. "इंग्रजी न येणाऱ्यांच्या. सफरचंदाचं चित्र दाखवतात आणि म्हणतात, बोल, हे काय आहे?"

लायबेरियात शाळेची भाषा इंग्रजीच. पण प्रवेशाच्या फॉर्मवर प्रश्न होता, घरी दुसरी भाषा बोलता का? बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं की मुलगी आजीशी फोनवर त्यांच्या भाषेत बोलते. तेवढ्यावर, आणि मुलीच्या उच्चारांवर, निकाल लागला.

"तुम्ही शाळेत गेलात?"

"चार वेळा. पहिल्यांदा म्हणाले, अपॉइंटमेंट घ्या. दुसऱ्यांदा घेऊन गेले, तर मुलांचे वर्ग ठरवणारी कौन्सेलर मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा ती भेटली आणि माझ्याशी एकेक शब्द तोडून, मोठ्यानं बोलायला लागली. जशी काही मी बहिरी आहे. चौथ्यांदा मीही मोठ्यानं बोलले, तर तिनं सिक्युरिटीला बोलावलं."

मी सगळं टिपून घेतलं. मग फॉर्मवर आले. प्रश्न: गेल्या वर्षी शाळेच्या पालकसभांना किती वेळा हजर होता? सभा संध्याकाळी असायच्या आणि बाईंची ड्यूटी दुपारीच सुरू व्हायची. उत्तर शून्य. त्या चार खेपांसाठी फॉर्मवर जागाच नव्हती. शून्य असेल तर 'सहभाग कमी' या रकान्यात खूण करायची, अशी सूचना होती. मी खूण केली. कोणी माझा हात धरून करून घेतली नाही.

त्याच सुमाराला जवळच्या ट्रॉय गावात एका मराठी घरी जेवायला गेले होते. एका काकांनी आधी माझं आडनाव विचारलं, मग नागपुरात नेमकं कुठे राहता ते विचारलं, आणि हवं ते उत्तर मिळाल्यावर विषय बदलून माझ्या रिसर्चवर आले. म्हणाले, "यार, त्या लोकांना एज्युकेशनची कदरच नाही. कल्चरच तसं आहे." मी विचारलं, "काका, किती जणांना ओळखता तुम्ही?" काकू लगबगीनं श्रीखंड घेऊन आल्या. मी न खाता निघाले.

ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. आमच्या वस्तीतही वह्या घेऊन माणसं यायची. माझी आई पालकसभेला कधी गेली नाही, कारण त्या वेळी ती दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असायची. तिला वाचता येत नव्हतं, पण माझ्या वहीचं पान भरलंय की नाही हे ती रोज बघायची. पुढे कॉलेजच्या लायब्ररीत आमच्याच भागावरचा एक अहवाल हाती लागला. त्यात होतं, पालकांची अनास्था. तेव्हा मी रडले होते. आणि आता मीच तसला फॉर्म भरून आले होते.

वसंतात गाइडनं लेखाचा मसुदा पाठवला. 'शिक्षणाबाबत पालकांची उदासीनता' असं ठळक अक्षरांत पहिलंच कारण. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, त्या चार वेळा शाळेत गेल्या होत्या."

"ती एका बाईची गोष्ट झाली. गोष्टी डेटा नसतात."

"आणि शून्य?"

"शून्य मोजता येतं," ते शांतपणे म्हणाले. "तू या लोकांच्या फार जवळ गेलीस. थोडं लांबून बघ."

मी बाहेर आले. लांबून! यांना लांबून सगळं दिसतं. आईचं झिजणं तेवढं दिसत नाही.

मी मसुद्याचं ते पान घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं.

"हे तू लिहिलंस?"

"लिहिलं नाही. पण खूण मी केली."

"मग त्या दिवशी तू ऐकत काय होतीस?"

मी माफी मागायला लागले. त्यांनी हातानंच थांबवलं. मुलाखतीआधी सही केलेल्या संमतीपत्राची प्रत त्यांनी जपून ठेवली होती. त्यात एक ओळ होती, मुलाखत कधीही मागे घेता येईल. "मला माझी मुलाखत परत पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि माफी नको. सोमवारी माझ्याबरोबर शाळेत चल. समोर बस आणि ती कौन्सेलर बोलेल ते शब्दन् शब्द लिहून घे."

मी गेले. विद्यापीठाचं ओळखपत्र गळ्यात, वही उघडी. कौन्सेलर अगदी गोड बोलली. बाईंनी मुलीची इंग्रजीची लेखी परीक्षा घ्या अशी मागणी केली, तिनं दहा मिनिटांत मान्य केली. तोच मुद्दा, तीच कौन्सेलर, तीच खुर्ची. फरक फक्त माझ्या वहीचा. ते बघून माझं डोकं आणखी तापलं. बाहेर पार्किंगमध्ये बाई कारच्या टपावर मूठ आपटून म्हणाल्या, "म्हणजे पाचव्यांदा ऐकू आलं हिला!"

मुलगी परीक्षा पास झाली आणि नेहमीच्या वर्गात गेली. मधल्या काळात बुडालेलं गणित बाईंनी सुट्टीच्या दिवशी घरी शिकवलं. शाळेनं चुकलं म्हणून एक शब्द काढला नाही.

बाईंनी त्यांच्या चर्चमधल्या आयांना ते पान दाखवलं. आणखी सहा जणींनी मुलाखती मागे घेतल्या. गाइडनं मला बोलावून सांगितलं की मी त्यांना भडकवलं. पुढच्या सत्राची असिस्टंटशिप मिळाली नाही. दुसऱ्या विभागात एका प्राध्यापिकेनं मला घेतलं म्हणून व्हिसा टिकला, पण विषय बदलावा लागला आणि वर्ष वाया गेलं.

लेख छापून आला. मुलाखती थोड्या कमी, पण वाक्य तेच, ठळक अक्षरांत. लेखकांमध्ये माझं नाव होतं. ते काढून टाका असं मी लेखी कळवलं तेव्हा गाइडनं एका ओळीत विचारलं, "नक्की ना? करिअरला बरं असतं."

 नाव निघालं. लेख मात्र अजून वर्गावर्गांत वाचून घेतला जातो. आता मीही शिकवते. मागच्या महिन्यात माझ्याच एका विद्यार्थिनीनं तो माझ्यासमोर चांगल्या संशोधनाचा नमुना म्हणून ठेवला. मी तिला खाली बसवलं आणि बाईंच्या त्या चार खेपा एकेक करून सांगितल्या.