गाडीची खोड

भातकुलीहून आत वळलेली सडक जिथं काळ्या रानात हरवल्यासारखी होते, तिथल्या गावात भगवंतराव राहतात. उंच, सडसडीत माणूस. चालतात ते वखरामागं चालल्यासारखे, आणि बोलतात तेव्हा एक शब्द हवेत पुरता विरला की मगच दुसरा काढतात. घाईच्या माणसाला त्यांच्याजवळ बसणं जमत नाही. बैल मात्र त्यांच्याजवळ तासन्तास उभे राहत.

गुडघे थकले तशी त्यांनी शेती मक्त्यानं दिली आणि शेवटची जोडी विकली. गोठा रिकामा झाला. दुपारी वारा शिरला की गव्हाणीतलं जुनं कुटार उगीच गिरकी घेई आणि घरात बसलेल्या भगवंतरावांना वाटे, कोणीतरी मान हलवली. त्याच गोठ्यात पुढं एक पांढरी मोटार येऊन उभी राहिली. अकोल्याच्या शोरूममधून घेतलेली, कोरी करकरीत. सकाळचं ऊन पत्र्याच्या फटीतून तिच्या पाठीवर पडे, तेव्हा ती नुकतीच धुऊन आणलेल्या खिल्लारासारखी दिसे.

मोटार हौसेसाठी घेतलेली नव्हती. एकुलती लेक साधना मूर्तिजापुरात दिलेली, तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. लेकीला सासरहून माहेरी आणायला जो जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बहुतेक घरी तो मान भावाचा असतो. साधनाला भाऊ नाही. म्हणून लोक ज्या वयात गाडी चालवणं सोडतात त्या वयात भगवंतराव अमरावतीला जाऊन गाडी शिकले. मुऱ्हाळी व्हायला.

पण गाडीला खोड निघाली. ती डावीकडं ओढे. सरळ सडकेवर स्टेअरिंग जरा सैल धरलं की हळूच, लाजत लाजत डाव्या काठाकडं निघे, जणू तिकडच्या तुरीत तिची कोणाशी ओळख आहे. भगवंतरावांनी शोरूमला कळवलं. पहिल्या सर्व्हिसिंगला तिथल्या लोकांनी चाकांत हवा भरून परत पाठवलं. खोड तशीच राहिली.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडं बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेले खांदे लोणी-हळद लावून पळसाच्या पानांनी शेकायचे आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. त्या सांजेला गावात घरोघरी हळदीचा वास सुटला आणि भगवंतरावांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. मनकर्णाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, लोण्याची वाटी आणून समोर ठेवली. भगवंतराव गोठ्यात गेले, मोटारीचं झाकण उघडलं आणि विचार करत उभे राहिले. हिचा खांदा कोणता? शेवटी पुढच्या दोन्ही चाकांच्या वर, जिथं सगळं ओझं येत असावं, तिथं त्यांनी हळद-लोणी चोळलं. डाव्या बाजूला जरा जास्तच.

पोळा झाल्यावर स्टेअरिंग जड झालं आणि ओढ वाढली. भगवंतराव जपून जपून गाडी अकोल्याला घेऊन गेले. वर्कशॉपमध्ये झाकण उघडलं तर आत पिवळं लोणी आणि त्याला लागलेल्या मुंग्या. पोरांनी एकमेकांना बोलावून पाहिलं, मोबाइलवर फोटो काढले.

सर्व्हिसचं काम पाहणारी प्रियदर्शनी नावाची तरुण बाई होती. इंजिनिअर, अकोल्याचीच, नीटनेटकी आणि बोलायला चोख. तिनं भगवंतरावांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की स्टेअरिंगचा अख्खा भाग बदलावा लागेल, पण वॉरंटीत बसणार नाही. आत बाहेरचा पदार्थ लावलेला आहे. कंपनी फोटो पाहील आणि नाही म्हणेल.

भगवंतराव म्हणाले, खोड आधीची आहे, हळद नंतरची. ती म्हणाली, ते दाखवता येत नाही, हळद दाखवता येते. मग आवाज उतरवून तिनं एक वाट सुचवली. मुंग्या पुसून टाकू, काका. फॉर्मवर एवढंच लिहा की तुम्ही आत काही लावलं नव्हतं. वर्कशॉपचंच ग्रीस असेल असं म्हणून पाहू.

भगवंतरावांनी आपल्या बोटांकडं पाहिलं.

"लावलं होतं नं," ते म्हणाले. "हातानं लावलं. नाई कसं म्हणू?"

गाडी तिथंच राहिली. डॉक्टरीणबाईंनी साधनाला बजावलं होतं की हा महिना उलटल्यावर प्रवास करायचा नाही. जावयानं आपली गाडी देऊ केली. मनकर्णाबाई म्हणाल्या, भाड्याची करा. भगवंतरावांनी दोन्हीला नकाराची मान हलवली. मुऱ्हाळी आपल्या दावणीची गाडी घेऊन जातो, दुसऱ्याच्या नाही. मनकर्णाबाईंनी सुनावलं की अशानं पोरीचं बाळंतपण सासरीच होईल, मग बसा तुमी दावण कवटाळून. ते त्यांना खोल लागलं.

दुसऱ्या दिवशी, गाडीचं काय झालं ते पाहायला, त्यांनी बडनेऱ्याहून अकोल्याची रेल्वे धरली. वाटेत मूर्तिजापूर आलं तेव्हा दारात उभं राहून ते गावाच्या छपरांकडं पाहत राहिले. त्यातलं एक छप्पर साधनाचं. गाडी हलली, छपरं मागं सरकली.

शोरूममध्ये जाऊन ते कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसले. भांडले नाहीत. काही मागितलं नाही. परतीची गाडी सांजेला होती, तोवर बसायचं तर सावलीत बसावं, एवढंच. समोर काचेची भिंत, बाहेर ऊन पाण्यासारखं हलत होतं. आत रंगीत मोटारी माना खाली घालून उभ्या. कुठूनतरी थंड वाऱ्याची एकसुरी घरघर येई, रवंथ केल्यासारखी. भगवंतरावांचा डोळा लागला. त्यांना दिसलं, दुपारच्या वेळी पूर्णेच्या पात्रात गुरांचं सगळं खांड उतरलं आहे, पाणी गुडघाभर आहे, आणि कोणालाच कुठं जायचं नाही.

जागे झाले तेव्हा एक नवरा-बायको शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, काका, ही पांढरी तुमच्याकडं आहे काय? कशी आहे?

आता बाजारात बैल पाहणाऱ्यानं विचारलं की मालकानं सगळं सांगायचं असतं. गुण सांगायचे, खोड सांगायची. खोड लपवून विकलेला बैल परत दावणीला आला तर त्या मालकाला पुढच्या बाजारात कोणी बिडी देत नाही. भगवंतराव त्याच बाजारात वाढलेले. त्यांनी सावकाश सांगितलं: तेल कमी खाते, हवा थंडगार देते, आवाज गोड आहे, चढाला दम टाकत नाही. डावीकडं ओढते. नवरा-बायको विचार करतो म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी भाकर-ठेचा बांधून ते पुन्हा आले. पुन्हा कोणीतरी विचारलं, पुन्हा त्यांनी गुण सांगितले आणि खोड सांगितली. असं होता होता प्रियदर्शनी बाहेर आली.

"काका, तुम्ही आमचं गिऱ्हाईक पळवून राहिले."

"पळवून कायले राहू, बाई? चांगलं बी सांगतलं, खोड बी सांगतली. बाजारात दोनी सांगा लागते."

"हा बाजार नाही."

भगवंतरावांनी चहूकडं पाहिलं. किमतीच्या पाट्या, फुगे, हार घातलेली एक मोटार.

"मंग काय हाये?"

तेवढ्यात चंद्रभान नावाचा बार्शीटाकळीचा किराणा दुकानदार मध्ये पडला. तो ती गाडी घ्यायलाच आला होता. म्हणाला, बुढा खरा की खोटा, ते मले पाहू द्या. चालवून दाखवायची गाडी काढा, अन् यायलेबी संग घ्या.

चालवून दाखवायची गाडी त्याच जातीची, राखाडी रंगाची. प्रियदर्शनी तीच रोज घरी नेत असे. ती चालवायला बसली, चंद्रभान शेजारी, भगवंतराव मागं. शहर मागं पडलं. दोन्हीकडं कपाशी फुलावर आलेली, आभाळ खाली टेकलेलं, सडक सुतासारखी.

"हात सोडा, म्याडम," चंद्रभान म्हणाला.

तिनं हात उचलले. राखाडी गाडी क्षणभर सरळ गेली. मग हळूच, झोपेत कूस बदलावी तशी, डाव्या काठाकडं निघाली. प्रियदर्शनीनं स्टेअरिंग धरलं, गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि समोर बघत बसली. कपाशीवरून वारा येत होता.

मग भगवंतराव मागून हळू आवाजात म्हणाले, "बाई, उजवा हात दुखत नाई काय तुमचा?"

"दुखते," ती म्हणाली. "रोज सांजेला दुखते. मले वाटे, कॉम्प्युटरनं दुखते." थोड्या वेळानं आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "इले तर कोणी हळद लावली नाई."

चंद्रभान मात्र खूश झाला. म्हणाला, घीन तर हेच गाडी घीन, पण सरळ चालणारी घीन.

त्या सांजेला प्रियदर्शनीनं कंपनीला दोन्ही गाड्यांबद्दल कळवलं, हळदीसकट, काही न लपवता. शोरूमचा मालक तिच्यावर चिडला. ती म्हणाली, मग राखाडी गाडीत यापुढं मी कोणाला बसवणार नाही, तुम्हीच बसवा. हे भगवंतरावांना पुढं वर्कशॉपच्या पोरांनी हसत हसत सांगितलं. कंपनीचा होकार आला, नवा भाग आला, पण महिना अगदी सरत आला होता. चावी देताना तिनं एवढंच विचारलं, कोणाले आणाले चालले, काका? त्यांनी सांगितलं. तिनं दार उघडून धरलं.

मूर्तिजापुरात साधना ओटी भरून, पदर सावरत बाहेर आली तेव्हा दारातल्या बायका वाकून वाकून पाहत होत्या की मुऱ्हाळी कोण. भगवंतराव पांढऱ्या धोतरात, पांढऱ्या गाडीजवळ, हात मागं बांधून उभे होते. मनकर्णाबाईंनी मागच्या सीटवर गोधडी अंथरली होती. साधना टेकली, आणि गाव सुटायच्या आधीच आईच्या मांडीवर तिचा डोळा लागला.

सडक सरळ होती. गाडीही सरळ चालली होती. मागून ट्रक येत, भोंगा वाजवत, पुढं निघून जात. सोयाबीन पिवळं पडू लागलं होतं, त्यावर उतरतीचं ऊन पसरलं होतं. गाडी इतकी सावकाश होती की बांधावरची पोरं थोडं अंतर सोबत चालली.

"जरा दमानं घ्या अजून," मनकर्णाबाई लेकीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "झोपली हाये."

भगवंतरावांनी पाय आणखी हलका केला.