मुंबई जागेवर बसवणारे साडू

ब्रह्मदेवाने सृष्टी घडवली तेव्हा माझे साडू तपासणीला बसलेले नव्हते, हे आपणा सर्वांचं थोर भाग्य. ते असते तर सूर्य, चंद्र, हिमालय आणि माणूस हे सगळे अंगावर खडूची फुली घेऊन अजून एखाद्या फळीवर पडून राहिले असते. कदाचित हत्ती सुटला असता. हत्तीबद्दल त्यांचं मत बरं होतं. सोंड हवी तशी वळते आणि सांध्यात कुठे ढिली वाटत नाही, असं राणीच्या बागेत त्यांनी मला एकदा हळूच सांगितलं होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला लालबागच्या चाळीत आणि नोकरीला परळच्या एका कारखान्यात. तिथे ट्रकसाठी आणि गिरण्यांच्या यंत्रांसाठी स्प्लाइनचे दांडे आणि त्यांवर बसणाऱ्या नळ्या तयार होत. स्प्लाइन म्हणजे काय, हे लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी त्यांना सहज विचारलं आणि फराळ तसाच राहिला. त्यांनी माझ्या ताटातली चकली उचलली. म्हणाले, ही वळलेली आहे ती सरळ करा आणि लोखंडाची आहे असं समजा. अंगावर हे उभे दात. आता सोऱ्यातली चांदणीच्या भोकाची चकती आठवा. तसंच भोक आरपार असलेली एक नळी घ्या आणि ही चकली तिच्यात सरकवा. काय होईल? मी म्हटलं, चकली मोडेल. त्यावर त्यांनी माझ्याकडे अतिशय दयेने पाहिलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दांड्याचे दात नळीच्या खाचांत बसतात, म्हणून दांडा फिरला की नळीला फिरावंच लागतं. मात्र फिरता फिरता तिला दांड्यावरून मागेपुढे सरकता येतं. संगत सोडायची नाही आणि मोकळीकही जायची नाही, अशी ती सोय. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या की ही चकली आता कोणी खाणार आहे का, की तीही नापास झाली?

ती खरोखरच नापास झाली होती. एका बाजूचे दात बसके निघाले होते.

कारखान्यात दांड्याचं चित्र काढायचे साडूच, यंत्रापाशी उभं राहून दात पाडून घ्यायचे साडू आणि शेवटी तपासायलाही साडूच बसायचे. स्वतःचा माल स्वतःच तपासायचा म्हटल्यावर कोणीही जरा डोळा झाकेल. साडूंचं उलट होतं. दुसऱ्याचा माल नापास करताना ते हळहळायचे आणि स्वतःचा करताना त्यांची कळी खुलायची. 'सापडली' म्हणायचे, आणि हे ते अशा सुरात म्हणायचे की हरवलेली अंगठी सापडली असं ऐकणाऱ्याला वाटावं. ही खोट सापडायची ती एका निळ्या रंगाने. दांड्याच्या दातांना तो तेलकट रंग अगदी पातळ फासायचा, नळी घालून सरकवायची, काढायची आणि आत पाहायचं. जिथे दात टेकला तिथे निळं उमटतं, टेकला नाही तिथे लोखंड कोरंच राहतं. सगळीकडे सारखं निळं उमटलं तर माल पास. बहुतेक वेळा तसं उमटत नाही. 'एकच दात काम करतो, बाकीचे नुसती हजेरी लावतात,' असं ते म्हणायचे, आणि हे वाक्य दांड्याइतक्याच तन्मयतेने ते चाळीच्या कमिटीबद्दलही वापरायचे.

त्यांची बोटं कायम निळी असत. त्यामुळे दाराची कडी निळी, तांब्या निळा, धाकट्या मुलीचा गाल निळा. आमच्या घरी कपड्यांना नीळ विकत आणावी लागत नाही, असं ताई शेजारणींना सांगत. आमच्या सासऱ्यांनी नवी कवळी बसवून घेतली आणि ती टोचते म्हणून ते आठवडाभर पेजेवर राहिले, तेव्हा साडूंनी ती मागून घेतली. सासरे घाबरले, पण थोरल्या जावयाला नाही म्हणण्याची पद्धत नव्हती. साडूंनी वरच्या दातांना निळं लावलं आणि सासऱ्यांना चावायला सांगितलं. मग कवळी उजेडात धरून म्हणाले, 'सापडली.' उजवीकडची एकच दाढ सगळा भार उचलत होती. बारीक कानस फिरवल्यावर सासऱ्यांनी त्या संध्याकाळी कच्चा पेरू खाल्ला. दुसऱ्या दिवशी घरात सत्यनारायण होता. त्याला सासरे निळ्या जिभेने बसले आणि भटजींनी त्यांच्या तब्येतीची दोनदा चौकशी केली.

ही संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतली गोष्ट. रोज कुठे ना कुठे सभा, भिंतींवर घोषणा, दोन माणसं भेटली की मुंबई कोणाची याखेरीज दुसरा विषय नाही. गोळीबारात गिरणगावातली माणसं गेली होती आणि ते दुःख अजून ताजं होतं. त्या वर्षी साडूंच्या चाळीतल्या गणेशोत्सव मंडळाने हलता देखावा करायचं ठरवलं. महाराष्ट्राचा मोठा लाकडी नकाशा चक्रासारखा हळूहळू फिरणार, त्याच्यापुढे थोड्या अंतरावर एकटी मुंबई तशीच फिरणार, आणि ढोलाच्या ठेक्यावर ती मागे सरकत जाऊन नकाशातल्या आपल्या रिकाम्या खाचेत बसणार. पुढे अरबी समुद्राच्या रंगवलेल्या लाटा उभ्या करायच्या आणि मुंबईला सरकवणाऱ्या कार्यकर्त्याने त्या लाटांमागे दडून बसायचं. कल्पना उत्तम होती. साडूंना मात्र कोणी विचारलं नाही. त्यांच्या हाती काम गेलं तर देखावा पुढच्या गणपतीला होईल, असं सर्वांचं मत पडलं. मग सुताराने गुळगुळीत दांड्यावर गुळगुळीत नळी चढवली, एक स्क्रू आवळला आणि नळीला एक लाकडी हात बसवून त्याच्या टोकाला मुंबई लावली.

तालमीला मी होतो. चक्र फिरलं, ढोल वाजला, मुंबई मागे सरकू लागली आणि सरकताना स्क्रू घसरला. आपली खाच सोडून ती निघाली ती थेट विदर्भावर जाऊन आपटली. दुसऱ्या खेपेला ती बेळगावच्याही खाली उतरली. तिसऱ्या खेपेला हसणाऱ्यांना अध्यक्षांनी बाहेर काढलं. हे अध्यक्ष मालवणकडचे, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, आवाज भोंग्यासारखा. ते मुकाट्याने जिना चढून साडूंच्या दारात गेले.

साडूंनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, की मुंबईचं वजन किती? ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग मुंबई सोडवून खालच्या वाण्याकडे नेली आणि त्याच्या तागडीत ठेवली. मुंबईचं वजन करायला एवढी माणसं का जमली आहेत, हे वाण्याला शेवटपर्यंत समजलं नाही. साडूंनी जमिनीवर खडूने आकृती काढली: सहा दातांचा दांडा आणि आतून सहा खाचांची नळी. म्हणजे नळी कितीही पुढेमागे सरकली तरी मुंबई आपल्या खाचेची दिशा सोडणार नाही. शिवाय त्या दांड्यावर, गरज पडल्यास, ट्रकही चालला असता. झालं का म्हणून कोणी विचारायचं नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली.

दांडा आणि नळी कापायला यंत्र हवं, आणि यंत्र होतं कारखान्यात. कारखान्याचे मालक गुजराती. लेथवर उभं राहून वर आलेला हा माणूस साडूंवर लोभ ठेवून होता, पण त्या दिवसांत असल्या लोभाची परीक्षा कोण पाहील? मी साडूंना सुचवलं की कशासाठी हे सांगू नका, घरगुती काम आहे म्हणा. ताईंनाही तेच वाटत होतं. नोकरी गेली तर दोन मुलींना घेऊन जायचं कुठे, असं त्या मला जिन्यात म्हणाल्या. पण साडूंना खोटं बोलता येत नसे. मोजमाप न घेता काही सांगायची त्यांना सवयच नव्हती. ते शेठच्या खोलीत गेले आणि म्हणाले की मुंबई महाराष्ट्रात बसवायची आहे, त्यासाठी एक दांडा आणि नळी कापू का? शेठनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, 'मुंबई कुठे पण जाऊ दे. माझ्या कारखान्यातून शाफ्ट लूज जायला नाय पाहिजे.'

हे वाक्य साडूंनी फार मनावर घेतलं. पहिली नळी त्यांनी तपासली आणि आनंदाने नापास केली. गणपती आले. देखाव्यापुढे पडदा आणि पडद्यापुढे लोक. दुसऱ्या नळीत निळं पाचच दातांवर उमटलं. मी म्हटलं, अहो, मुंबई फळीची आहे, पाच दात पुरतील. ते म्हणाले, सहावा कशाला काढला मग? अध्यक्षांनी मला रस्त्यात गाठलं. 'पाव्हण्यांनू, गणपती पाण्यात गेल्यावर येतलो काय तुमच्या साडवांचो दांडो?' त्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असणार, पण वरून फक्त कानशीचा बारीक आवाज येत राहिला.

गौरी जाण्याच्या दिवशी दुपारी साडू स्वतः दांडा खांद्यावर आणि नळी धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. संध्याकाळी पडदा उघडला. चक्र फिरलं, मुंबई फिरली, ढोल सुरू झाला. ती सरकताना आवाज म्हणून आला नाही; ताकावरून लोणी सरकावं तशी ती मागे गेली आणि खाचेत बसली. लालबागच्या त्या गल्लीत जो जयघोष झाला, तो ऐकून गणपतीच्या हातातला मोदक हलल्याचं काहींनी शपथेवर सांगितलं. ज्याने हे केलं तो माणूस मात्र लाटांमागे उकिडवा बसून दांड्याला कान लावून होता. दर फेऱ्याला मुंबई त्यांच्या टोपीवरून जात होती. रोज संध्याकाळी ते तसेच समुद्रात बसत. देखावा समोरून पाहा म्हणून मी त्यांना ओढून पाहिलं, पण समोरून काही दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी रांगेत शेठ दिसले. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, बरोबर त्यांच्या पत्नी. चपला काढून हात जोडून ते उभे होते. कोणीतरी ओळखलं. कुजबुज झाली, मग ती वाढली. ह्यांचं इथे काय काम, असं एकजण ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. ढोलवाल्याचे हात थांबले. शेठ मागे वळले नाहीत, पण त्यांच्या पत्नीने त्यांची बाही धरली. मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. त्यांचा एक भाचा गोळीबारात जखमी झाला होता.

तेवढ्यात अरबी समुद्रातून साडूंची टोपी वर आली. मग चष्मा आला. काय झालं म्हणून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, शेठ दिसले आणि त्यांचा चेहरा उजळला. 'शाफ्ट ह्यांच्या कारखान्यातला आहे,' ते जमलेल्या लोकांना म्हणाले. मोठ्याने नाही, नेहमीच्याच आवाजात. आणि शेठला म्हणाले, 'या ना, आत या, दात दाखवतो.'

शेठनी धोतर सावरलं आणि लाटा ओलांडून ते आत गेले. चक्र थांबवलं गेलं. साडूंनी नळी सरकवून दाखवली. दोघे उकिडवे बसून, कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ येऊन, दातांवरून बोटं फिरवत राहिले. बाहेर सगळे वाट पाहत उभे होते. शेवटी अध्यक्षांनी घसा खाकरला आणि लाटांवरून वाकून विचारलं, 'काय शेठ, पास मां?' शेठ उठले. त्यांच्या धोतरावर भलामोठा निळा डाग पडला होता आणि ते पाहून त्यांच्या पत्नी पदराआड हसत होत्या. 'सहाच्या सहा दात लागलाय,' शेठ म्हणाले. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने त्यांना प्रसाद दिला आणि ढोलवाल्याला खूण केली. त्या फेरीला मुंबई खाचेत बसली तेव्हा ओरडणाऱ्यांत तो मघाचा माणूसही होता.

पुढे राज्य झालं. त्या दिवशी संध्याकाळी मी लालबागला गेलो तर साडू इस्त्रीचे कपडे घालून पेढ्यांचा पुडा हातात घेऊन उभे. शेठकडे जायचंय, चला, म्हणाले. आम्ही ट्रामने गिरगावात गेलो. सगळीकडे रोषणाई, गुलाल, लेझीम. शेठच्या दारात पोहोचलो तर तेही बाहेर पडायच्या बेतात, हातात तसाच पुडा. त्यांचंही राज्य त्याच दिवशी झालं होतं आणि ते लालबागला निघाले होते. दोघांनी पुड्यांची अदलाबदल केली. कोणाचे पेढे जास्त बरे यावर पुष्कळ खल झाला. चहा झाला, शेठनी कारखान्यातल्या जुन्या यंत्रांची विचारपूस केली. निघताना शेठ आम्हाला पोचवायला जिन्याच्या तोंडाशी आले, पण खाली उतरले नाहीत.

परतताना साडू म्हणाले, चौपाटीपर्यंत चालू. रस्त्यावर लोक नाचत होते. एका पोराने दोघांच्याही कपाळापासून कानशिलापर्यंत गुलाल फासला. वाळूवर आल्यावर ते थांबले आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी कशातही खोट काढली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

'शेठ थकले हो,' ते म्हणाले. 'जिना उतरवत नाही त्यांना, तरी लालबागला निघाले होते.'

रोषणाईचा उजेड त्यांच्या कानशिलावर पडला होता, आणि तिथल्या पांढऱ्या केसांवर गुलाल फार गडद दिसत होता.