रेवतीचं गुणगुणणं

माझी मैत्रीण रेवती जॅझ पियानो वाजवताना नकळत गुणगुणते. काल तिचा नवा अल्बम ऐकायला आम्ही स्टुडिओत गेलो, तर त्यात पियानो होता, रेवती नव्हती. निर्माता खुशीत म्हणाला, "ताई, तुमची गुणगुण पुसून टाकली. कसं स्वच्छ वाटतंय!"

माझं डोकंच फिरलं. या स्वच्छतेची मला चीड आहे. टोलेजंग इमारत हवी, पण ती बांधणाऱ्यांच्या झोपड्या समोर नकोत. आता सूरसुद्धा हवेत, फक्त ते काढणाऱ्या माणसाचा श्वास तेवढा नको!

मी तोंड उघडणार, तोच रेवतीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"दादा, माझा गळा आधी गातो, बोटं त्याच्यामागून जातात. गळा पुसायचा असेल, तर अल्बमवरचं माझं नावही पुसा."