उजवीकडची कोरी जागा

वर्गाच्या भिंतीवर मुलांची चित्रं वाळायला लावली आहेत, आणि माझी नजर सारखी त्यांतल्या कोऱ्या जागेवर जाते आहे.

आवाजाचं चित्र काढायचं, हा आजचा प्रयोग. घरातून निघतानाचा आवाज प्रत्येकाने मोबाइलवर टिपून आणायचा, वर्गात ऐकवायचा आणि बाकीच्यांनी ऐकता ऐकता रंग लावायचे. प्रत्येकाच्या आवाजात 'येते' किंवा 'येतो' होतं, आणि आतून कुणाचं तरी 'ये'. कुणाच्या आईचं कुकरच्या शिट्टीआडून, सानिकाच्या आजोबांचं खोकत खोकत. आपण निघताना 'जाते' म्हणत नाही. परत येणार हे सांगून ठेवतो, आणि आतलं माणूस ते ऐकून घेतं. कागदावरही तसंच उमटत गेलं. एक रंग दाराकडून निघायचा, दुसरा त्याला आतून येऊन भेटायचा.

"मॅडम, आता तुमचा लावा ना," मुलं म्हणाली.

मी लावला. माझं 'येते', मग कडी, मग कुलूप. रिकाम्या घराला मी अजून 'येते' म्हणते, हे टिपताना माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मुलांनी डावीकडे एक रंग लावला आणि ब्रश हातात धरून ती थांबली.

"पुढचं एडिट करताना कापलं गेलं का?" सानिकाने विचारलं.

"हो, कापलं गेलं वाटतं."

"मग ही बाजू तशीच ठेवतो, मॅडम. उद्या पूर्ण आणा."