दाखलेकाका स्वागत करतात

कॉलेजच्या ऑफिसात तीन खिडक्या. त्यातली कोपऱ्यातली, कॉलेज सोडून जाणाऱ्यांना दाखला देण्याची. तिच्यामागे बावीस वर्षं दाखलेकाका बसायचे आणि त्यांचा प्रश्न एकच, "कारण?" तोही चष्म्यावरून बघत, असा लांबवून की समोरच्याला वाटावं आपण काहीतरी चोरलंय. पोरं काहीबाही पुटपुटायची आणि काका रकान्यात लिहायचे, ‘घरगुती’. रकानाच मुळी अडीच इंचांचा. डबा खायला सोबत नाही, वर्ग सापडत नाहीत, विचारलं तर हसतील, ही खरी कारणं काकांच्या डोक्यात नुसती साठत गेली.

यंदा प्राचार्यबाईंनी त्यांना आत बोलावलं. "गेल्या वर्षी पहिल्या वर्गाला एकशे वीस आले, सहामाहीला पंचेचाळीस उरले. यंदा नव्वदच्या खाली गेलो, तर एक तुकडी बंद होणार. नव्या मुलांचं स्वागत तुम्ही बसवा."

"मी? म्हणजे बघा बाई, मी निरोपाचा माणूस."

"म्हणूनच. का जातात ते तुम्हालाच ठाऊक."

घरी काकूंनी ऐकलं आणि हातातली सुरी खाली ठेवून हसून घेतलं. "अहो, पाहुणे आले की तुम्ही पेपर घेऊन आतल्या खोलीत पळता. तुम्ही स्वागत करणार? त्यांनाही विचाराल, का आलात, कारऽऽण?"

काकांनी मनावर घेतलं. दरवर्षी सभागृहात अकरा भाषणं व्हायची. सातव्याला अर्धा हॉल पेंगलेला असायचा आणि उरलेला अर्धा फाटकापाशी पोचलेला. काकांनी भाषणं उडवली. एकमेकांना न ओळखणाऱ्या आठ-आठ जणांचे गट केले, प्रत्येकाला एक कागद दिला. ग्रंथालय, कॅन्टीन, प्रयोगशाळा, सगळीकडे जायचं, तिथल्या माणसाला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर लिहून आणायचं. संडास कुठे आहे तेही शोधायचं, कारण ते विचारायची लाज वाटून दोन वर्षांपूर्वी एक जण कॉलेज सोडून गेला होता. प्रयोगशाळेतल्या मामांसाठी प्रश्न होता, ‘आजवर काय काय फुटलं?’ मामा असे रंगले की गट हलेचनात.

दिवस झकास गेला. घोळ झाला तो कागदाचा.

काका पडले काटकसरी. कोरे कागद कशाला वाया घालवायचे, म्हणून त्यांनी कपाटातल्या जुन्या, न भरलेल्या अर्जांच्या पाठीवर प्रश्न छापून घेतले होते. पोरांना सांगितलं, शेवटी सही करा आणि माझ्या खिडकीत टाका. पाठीवर सहीला जागा नव्हती. पोरांनी कागद उलटला, तर तिथे छान रेघ आखलेली, ‘अर्जदाराची सही’. वर ठळक अक्षरांत ‘कॉलेज सोडण्याबाबत अर्ज’. पण सही करायच्या आधी वाचतो कोण? काका हॉलमधल्या खुर्च्या मोजत होते आणि शेजारच्या टायपिस्टबाईंचा खाक्या असा, की अर्ज दिसला की नोंद. संध्याकाळपर्यंत सगळे कॉम्प्युटरात.

सकाळी दहाला प्राचार्यबाई खिडकीत. "काका! पहिल्याच दिवशी एकशे अठरा गेले?"

"म्हणजे बघा बाई..."

"आणि उरलेले दोन?"

"ते काल गैरहजर होते."

नोंद रद्द करायची, तर विद्यार्थ्याने स्वतः येऊन का राहायचं आहे ते लिहून द्यायला हवं. हा नियम बारा वर्षांपूर्वी काकांनीच लिहिला होता, आजवर कुणाला लागला नव्हता. आता रोज दहा-दहा पोरं रांगेत.

"कारण?"

"तसं काही नाही, काका."

"तसं काही नाही असं लिहिता येत नाही. विचार कर, उद्या ये."

पोरं विचार करून यायची. एकाने लिहिलं, ‘मामांचं फुटलेलं अजून अर्धंच सांगून झालंय.’ दुसऱ्याने, ‘आमच्या आठातले सात राहतायत, मी एकटा घरी काय करू?’ काका रकान्याला पुरवणी चिकटवायला लागले.

एके दिवशी रांगेत आली एक जाड चष्म्याची मुलगी. "काका, माझा अर्ज राहू दे तसाच. मला खरंच जायचंय."

काकांचा हात सवयीने ‘घरगुती’कडे निघाला होता. तो थांबला. त्यांनी खिडकी लावली आणि बाजूच्या दाराने चक्क बाहेर आले. काकांना पायही आहेत, हे रांगेतल्या कित्येकांना त्या दिवशी कळलं. ते तिच्याशेजारी बाकावर बसले.

"लिहू नकोस. नुसतं सांग."

"गणिताच्या तासाला काही म्हणजे काही कळत नाही. बाकी सगळ्यांना कळतं."

"सगळ्यांना? तुझ्याच वर्गातले बावीस जण या खिडकीत येऊन हेच रडलेत."

"बावीस? कोण कोण?"

"नावं सांगायची नसतात. पण दुपारी दोनला ग्रंथालयात मागच्या टेबलाशी बरीच गर्दी असते, एवढं मला माहीत आहे."

ती जरा वेळ चष्मा पुसत बसली. "बघून येते. पण राहण्याच्या कागदावर सही करणार नाही हं."

"नको करूस."

सहामाहीच्या आधी प्राचार्यबाई स्वतः वर्गात जाऊन मोजून आल्या. तुकडी वाचली होती, तरी कपाळावर आठी. "काका, यादीत नावं शंभर आणि वर्गात डोकी एकशे एक. ती चष्मेवाली कोण?"

"म्हणजे बघा बाई," काका फाइलीत तोंड घालून म्हणाले, "ती कॉलेज सोडून गेलेली आहे. फक्त रोज येते."