आष्ट्याच्या मामींची फेक

ज्यांच्यामुळे मला वाचता येऊ लागलं, त्या आष्ट्याच्या थोरल्या मामींनी जन्मात कुणाच्या हातात वस्तू दिली नाही. त्या फेकायच्या. कांदा, गुळाचा खडा, किल्ल्यांचा जुडगा, मामांची टोपी, सगळं चुलीपुढून न उठता ज्याचं त्याला पोचायचं. घरच्यांना झेलायची सवय होती. पाहुण्यांची पंचाईत व्हायची. एकदा तलाठ्यांनी सुपारी मागितली, ती थेट त्यांच्या कपाळावर बसली. मामा माफी मागू लागले, तर आतून आवाज आला, "आवं, ज्यास्नी सुपारी झेलता येत न्हाई, त्ये गावच्या जमिनी काय सांभाळणार?"

मी तिथं उंब्रजहून आलो. वाचताना माझी ओळ सुटायची, एका अक्षराची दोन दिसायची आणि उंबरठ्याला रोज ठेच लागायची. 'यंदा चौथी निघाली नाही तर गुरांमागं घाला,' असं मास्तरांनी वडिलांना बजावलं होतं. जागा बदलून बघू म्हणून आईनं मला माहेरी धाडलं. आल्या आल्या मामींनी पेरू फेकला, तो माझ्या नाकावर आदळला. मामी चक्क उठून जवळ आल्या. माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "ह्येचं दोन डोळं दोन गावाला जात्यात. काम न्हाई म्हणून उंडारत्यात."

मग कामच काम. आढ्याला टांगलेलं लिंबू झोके घ्यायचं. मान न हलवता ते नजरेनं धरायचं. मळ्यात बांधावरून पाय न चुकता चालायचं. दुपारी मामींसमोर बसून सागरगोटे. गल्लीतली पोरं ओरडायची, "काय रं, लगीन कवा हाय तुजं?" मी रडकुंडीला यायचो. मामी म्हणायच्या, "हसू देत. तू गोटा बघ, त्यांची तोंडं नगं बघूस." पुस्तक काढलं तर मात्र, "त्ये मास्तरचं काम, त्ये साळंत," म्हणून ठेवायला लावायच्या. त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती.

हळूहळू पेरू हातात येऊ लागले, मग शेंगाही. परीक्षेच्या दिवशी उतारा समोर आला आणि ओळ जागची हलली नाही. मी पास झालो आणि उंब्रजला परतलो. पुढं सांगलीच्या कॉलेजात निकाल लागला, त्या दिवशी आष्ट्याला लिहिलं :

"ती. मामींस साष्टांग नमस्कार. मी बी.ए. झालो. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडलं. पुढचा मजकूर पोस्टमनकडून वाचून घेऊ नका. पत्र तसंच ठेवा. रविवारी मी येतो आणि तुमच्याजवळ बसून वाचतो. माझं वाचन तुम्ही अजून ऐकलेलंच नाही."