घेवड्याचं पीठ

"मावशी, डोळ्यांपुढं अंधारी आली," एवढं म्हणून साताऱ्याकडचा गडी उंबऱ्यातच कोसळला. बाकीचे चौघे मोरीशी ओकत होते. सासूबाई खाटेवर पोट धरून पडल्या होत्या. चिंचवडला मी कंपनीतल्या पाच कामगारांची खानावळ चालवायचे. सकाळी या सगळ्यांनी एकच पिठलं खाल्लं होतं. मी मागून जेवते, म्हणून उभी होते.

फळीवर बेसनाचा डबा भरलेला होता, शेजारचा अर्धा रिकामा. त्यात घेवड्याचं पीठ होतं.

पावसाळ्यात चवळीला भुंगा लागायचा. साताऱ्याच्या गड्यानं गावाहून आणलेल्या वाळल्या घेवड्याला, म्हणजे राजम्याला, मात्र कधी लागला नाही. मग थोडा घेवडा कच्चाच दळून आणला नि चवळीला चोळला. भुंगा थांबला. उरलेलं पीठ त्या डब्यात. सासूबाईंना कमी दिसायचं. त्यांनी ते बेसनच समजून वापरलं आणि शिफ्टची गाडी चुकू नये म्हणून एक वाफ देऊन पिठलं उतरवलं. नेमकी त्या दिवशी गाडीच आली नाही.

शेजारचा टेम्पोवाला भरल्या ताटावरून उठला. सहा जणांना टेम्पोत घातलं. डबा मी मांडीवर घेतला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पीठ चिमटीत धरलं. "कच्च्या घेवड्यात एक विषारी प्रथिन असतं. किड्याला ते पचत नाही, माणसालाही बाधतं. भिजवून खूप वेळ उकळलं की निघून जातं. डबा आणलात, बरं केलंत."

सगळ्यांना सलाईन लावलं. संध्याकाळी साताऱ्याच्या गड्यानं डोळे उघडले.

"मावशी, आमी लई खातो म्हणून भुंग्याचं औषध घातलं व्हय?"

पलीकडून सासूबाई बोलल्या, "तू भुंगाच हायस. तीनदा वाढून घेतलंस, मेल्या."

हसताना त्याला परत उमासा आला.

खानावळ आता संपली, असं मी धरून चालले होते. आसपास खानावळी काय कमी होत्या? पण घरी सोडल्यावर दोन दिवसांनी पाचही जण पानावर येऊन बसले. "काय हाय आज?" एवढंच विचारलं. मी घेवड्याचीच उसळ केली होती, रात्रभर भिजवून, चांगली रटरटा शिजवून. चाटूनपुसून खाल्ली. त्या माणसांचे आणि टेम्पोवाल्याचे उपकार मी विसरलेले नाही.

पाच कामगार आणि सासूबाई, सहाही जण जगले.